वार टिकला तर संस्था टिकते

गणपती दहा दिवसांचे पाहुणे. विसर्जनानंतर मांडव उतरतो, दिव्यांच्या माळा खोक्यात जातात, वर्गणीचा हिशेब लागतो आणि मंडळ पुढच्या भाद्रपदापर्यंत झोपी जाते, असा बाहेरच्यांचा समज असतो. आपल्या मंडळाचे तसे नाही, हे बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांना ठाऊक आहे. दर शनिवारी संध्याकाळी साडेसहाला सभागृहाचे कुलूप निघते. अथर्वशीर्ष होते, मुलांचा मराठीचा तास होतो, ग्रंथालयाचे कपाट उघडते, कुणाच्या घरी काय चालले आहे याची विचारपूस होते आणि आठच्या सुमारास मंडळी घरी जातात. वर्षानुवर्षे हा क्रम चालू आहे.

यंदाच्या वार्षिक सभेपुढे एक ठराव येणार आहे. शनिवारची बैठक दर आठवड्याऐवजी महिन्यातून एकदाच घ्यावी, असा तो ठराव. तो मांडणारे कुणी मंडळाचे विरोधक नाहीत. उत्सवात रात्र रात्र जागून मांडव उभा करणारी हीच तरुण मंडळी आहेत. त्यांचे म्हणणेही खोटे नाही. नोकऱ्या पाळीच्या झाल्या, घरे शहराच्या चारी टोकांना पांगली, मुलांच्या शिकवण्या शनिवारीच असतात आणि निरोप तर मोबाइलवर क्षणात पोचतो. मग दर आठवड्याला पंख्याखाली रिकाम्या खुर्च्या कशाला मांडायच्या?

या प्रश्नाचे उत्तर नुसत्या भावनेने देऊ नये, असे आम्हाला वाटते. जगात काही संस्थांनी आठवड्यातून एकदा भेटण्याचा नियम शंभर वर्षांहून अधिक काळ चालवला आहे. रोटरी, लायन्स यांसारख्या सेवा क्लबांचा हा इतिहास आहे. आम्ही नोकरीने सरकारी बांधकाम खात्यातले, शिक्षणाने सिव्हिलचे डिप्लोमावाले. यांपैकी कुठल्याच क्लबचे सभासद नाही. पण शाळांच्या स्वच्छतागृहांच्या कामानिमित्त आणि वर्गमित्रांच्या आग्रहाने त्यांच्या बैठकींना पाहुणे म्हणून अनेकदा बसलो आहोत. जे वाचले आणि पाहिले, ते इथे मांडतो.

आधी सुट्टी, मग बैठक

ठरलेल्या वारी जमणे आपल्याला नवे नाही. गुरुवारचे भजन, शनिवारी मारुतीचे दर्शन, आठवड्याचा बाजार ही सगळी वारावर बांधलेली माणसे जोडण्याचीच साधने. सुधारणेच्या चळवळींनीही हाच धागा धरला. १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला आणि रविवारची साप्ताहिक उपासना हा त्याच्या जीवनाचा कणा ठरला. भांडारकर, रानडे यांच्यासारखी माणसे तिथे बोलत. ऐकणारे घरी जाऊन आठवडाभर त्यावर वाद घालीत.

पण रविवार सगळ्यांचा नव्हता. सरकारी कचेरीतला कारकून रविवारी मोकळा असे, गिरणीतला कामगार नसे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईतल्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि रविवारच्या सुट्टीची मागणी लावून धरली. १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. आज आपण रविवार हा जन्मसिद्ध हक्क मानतो, त्यामागे हा झगडा आहे. आठवड्याच्या बैठकीचा इतिहास लिहायचा तर पहिले नाव लोखंड्यांचे घ्यावे लागते. ज्याला आठवड्यातला एकही दिवस स्वतःचा नाही, तो बैठकीला येणार कुठून?

शिकागोची ७११ नंबरची खोली

शिकागो हे नाव बडोदेकरांना परके नाही. १९३३ साली तिथल्या जागतिक धर्मपरिषदेत आपल्या सयाजीराव महाराजांचे भाषण झाले होते. त्याच शहरात त्याच्या २८ वर्षे आधी, २३ फेब्रुवारी १९०५ रोजी, युनिटी बिल्डिंगमधल्या ७११ नंबरच्या खोलीत चौघे जण जमले. वकील पॉल हॅरिस, कोळशाचे व्यापारी सिल्व्हेस्टर शील, खाण अभियंता गुस्टावस लोर आणि शिंपीकाम व कापडाचा व्यवसाय करणारे हायरम शोरी. खोली लोर यांच्या कचेरीची होती.

हॅरिस व्हरमाँट राज्यातल्या एका लहान गावात आजी-आजोबांकडे वाढलेले. १८९६ मध्ये ते वकिलीसाठी शिकागोला आले. व्यवसाय चालला, ओळखी झाल्या, पण गावात दारावरून जाताना माणूस ज्या मोकळेपणाने हाक मारतो, ती हाक मोठ्या शहरात मिळेना. आपले पूर्वज सातारा-पुणे-कोकण सोडून गायकवाडांबरोबर किंवा त्यांच्या मागून इथे आले, तेव्हा त्यांनाही हेच जाणवले असणार. परक्या गावात गेलेला माणूस आधी देऊळ शोधतो, मग आपली भाषा बोलणारा शेजारी शोधतो. हॅरिसने आठवडी मित्रमंडळ शोधले.

बैठक पाळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरे, म्हणून नाव पडले रोटरी, म्हणजे फिरते. आपल्या भिशीसारखेच. आज याच्या घरी, पुढच्या वेळी त्याच्या घरी. सुरुवातीला भेट पंधरवड्याने होई, पुढे ती साप्ताहिक झाली आणि तोच जगभरचा नियम बनला. प्रत्येक व्यवसायातला एकच सभासद घ्यायचा, असा आणखी एक नियम होता. एक वकील, एक छापखानेवाला, एक कोळसावाला. त्यामुळे टेबलाभोवती स्पर्धक बसत नसत आणि गप्पांना वेगवेगळ्या धंद्यांचा वास येई. पाचवे सभासद हॅरी रगल्स छापखानेवाले. बैठकीत सामूहिक गाण्याची प्रथा त्यांनी सुरू केली.

इथवर पाहिले तर हा क्लब सेवेचा नव्हताच. १९०६ च्या घटनेतले पहिले उद्दिष्ट होते सभासदांचा धंदा वाढवणे आणि दुसरे होते आपसातला स्नेह. त्याच वर्षी पेटंटचे वकील डोनाल्ड कार्टर यांना सभासद होण्याची गळ घातली गेली. त्यांनी विचारले, ही संस्था स्वतःच्या सभासदांपलीकडे गावासाठी काय करते? उत्तर समाधानकारक मिळेना, तेव्हा त्यांनी सभासदत्व नाकारले. क्लबने त्यांचे म्हणणे मनावर घेतले, शहराच्या हिताचे तिसरे उद्दिष्ट घटनेत घातले आणि मग कार्टर सभासद झाले. नाही म्हणणाऱ्या माणसाने संस्थेला दिशा दिली, ही गोष्ट प्रत्येक कार्यकारिणीने भिंतीवर लावून ठेवावी अशी आहे.

आणि पहिले सेवाकार्य कोणते? सार्वजनिक स्वच्छतागृह! १९०७ पासून क्लबने शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृहासाठी खटपट केली. विरोध झाला तो मद्यवाल्यांचा आणि मोठ्या दुकानांचा. लोक त्या सोयीसाठी आमच्या दुकानात येतात आणि आले की काही विकत घेतात, असा त्यांचा हिशेब होता. दोन वर्षांनी स्वच्छतागृह उभे राहिले. बांधकाम खात्यात नोकरी केलेल्या माणसाला हे वाचून हसू येते आणि आदरही वाटतो. कारंजे, कमान, पुतळा यांना देणगीदार लगेच मिळतो. स्वच्छतागृह म्हटले की जागेपासून सांडपाण्याच्या जोडणीपर्यंत प्रत्येक कागद अडतो. ते काम पुरे करायचे तर पाठपुरावा करणारी माणसे दर आठवड्याला भेटलीच पाहिजेत.

योगायोग असा, की १९०५ च्या जून महिन्यात, १२ तारखेला, पुण्यात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. दोन्ही संस्था सेवेच्या, वर्षही एकच. गोखल्यांनी सभासदाचे सगळे आयुष्य मागितले. प्रतिज्ञा घ्या, तुटपुंज्या मानधनात राहा, देशासाठी झिजा. हॅरिस यांच्या क्लबने आठवड्यातला एक तास मागितला. गोखल्यांना थोडी पण विलक्षण माणसे मिळाली. ना. म. जोशी, ठक्कर बाप्पा त्याच परंपरेतले. रोटरीला साधी संसारी माणसे मिळाली आणि आज त्यांची संख्या जगभर सुमारे १२ लाख आहे. समाजाला दोन्ही प्रकारची माणसे लागतात. मात्र आपल्या मंडळासारख्या संस्था आयुष्य मागू शकत नाहीत. त्यांना एक तासच मागता येतो.

एका तासाचा हिशेब

भारतात रोटरी कलकत्त्याला आली. १९१९ च्या सप्टेंबरात तिथे पहिली सभा झाली आणि १ जानेवारी १९२० ची सनद मिळाली. मुंबईचा क्लब १९२९ चा. लायन्सची स्थापना मेल्व्हिन जोन्स यांनी १९१७ मध्ये केली, तीही शिकागोतच. भारतात लायन्स १९५६ साली मुंबईत आले. स्वातंत्र्यानंतर जिल्ह्याच्या गावापासून तालुक्यापर्यंत हे क्लब पसरले. डॉक्टर, वकील, औषध दुकानदार, कारखानदार, बँकेचे व्यवस्थापक ही नेहमीची मंडळी.

बैठकीत काय होते? अध्यक्ष घंटेवर टोला देतात, की गप्पा थांबतात. प्रार्थना किंवा राष्ट्रगीत होते. पाहुण्यांची ओळख होते. आठवड्यात ज्यांचा वाढदिवस किंवा लग्नाचा वाढदिवस असेल त्यांचे अभिनंदन होते. सचिव चालू कामांचा तपशील वाचतात. नेत्रशिबिराला किती चष्मे लागणार, रक्तदानाची जागा ठरली का, शाळेच्या बाकांचे पैसे आले का. मग वक्ता साधारण वीस मिनिटे बोलतो, दोन-चार प्रश्न होतात, आभार मानले जातात आणि पुन्हा घंटा. उशिरा येणाऱ्याला किंवा बिल्ला विसरणाऱ्याला गमतीचा दंड करण्याचे काम एका सभासदाकडे असते. दंडाचे पैसे सेवाकार्यात जातात. सगळे मिळून तास-दीड तास. आपल्याकडच्या सभांमध्ये एवढा वेळ दीपप्रज्वलन आणि सत्कारातच जातो.

हजेरीचे नियम पाहण्यासारखे होते. सहा महिन्यांतल्या किमान निम्म्या बैठकींना आलेच पाहिजे. सलग चार बैठकी कारणाशिवाय चुकवल्या तर सभासदत्व जाऊ शकते. पण नियमाला माणुसकीची फटही होती. गावाला गेलेला सभासद तिथल्या क्लबच्या बैठकीला बसला, तर ती हजेरी त्याच्या नावावर धरायची. बैठकीच्या आधीचे चौदा दिवस आणि नंतरचे चौदा दिवस एवढी मुदत. त्यामुळे बडोद्याचा माणूस बदलीवर किंवा कामाला नागपूरला गेला, तरी तिथे त्याला अनोळखी शहरात एक टेबल तयार असे. वय आणि सभासदत्वाची वर्षे यांची बेरीज ८५ झाली आणि सभासदत्व किमान २० वर्षांचे असले, तर त्या ज्येष्ठाला हजेरीची सूट.

आणखी एक नियम आम्हाला फार आवडतो. अध्यक्ष दर वर्षी १ जुलैला बदलतो. कितीही कर्तबगार असो, वर्ष संपले की घंटेचा हातोडा पुढच्याच्या हाती. मराठी संस्थांमध्ये खुर्चीवरून किती भांडणे झाली आणि किती चांगली माणसे दुरावली, हे आठवले म्हणजे या नियमाची किंमत कळते.

नाव गेले, वार राहिला

या साप्ताहिक टेबलाची खरी परीक्षा दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास झाली. दोन देशांची उदाहरणे सांगतो.

पहिले जर्मनीचे. म्युनिकच्या रोटरी क्लबात नोबेल पारितोषिक मिळालेले कादंबरीकार थॉमस मान सभासद होते. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये क्लबने मान यांचे आणि ज्यू सभासदांचे नाव यादीतून काढले. मान त्या वेळी देशाबाहेर होते. ही माणसे टेबलावरून उठवली तर क्लब वाचेल, असा त्यामागे हिशेब होता. क्लब वाचले नाहीत. १९३७ मध्ये जर्मनीतल्या सगळ्या रोटरी क्लबांना स्वतःचे विसर्जन करावे लागले. आधी माणसे गेली, मागून क्लबही गेला.

दुसरे जपानचे. तिथे १९४० मध्ये परदेशी संस्थांशी संबंध ठेवणे अशक्य झाले आणि जपानी क्लब रोटरीतून बाहेर पडले. नाव, बिल्ला, चक्राचे चिन्ह सगळे गेले. पण अनेक ठिकाणची मंडळी त्याच दिवशी जमत राहिली. नाव काय द्यायचे? त्यांनी वाराचेच नाव घेतले. कुठे बुधवार मंडळ, कुठे शुक्रवार मंडळ. युद्ध झाले, शहरे जळाली. १९४९ मध्ये जपानी क्लबांना रोटरीत पुन्हा प्रवेश मिळाला, तेव्हा नव्याने माणसे गोळा करण्याची फारशी गरज पडली नाही. ती भेटतच होती.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली की दोन गोष्टी कळतात. संस्थेचे नाव, चिन्ह, इमारत हे सगळे काढून घेतले तरी ठरलेला वार संस्था जिवंत ठेवू शकतो. पण वार पाळणे एवढ्याने संस्था चांगली होत नाही. टेबलावरून कुणाला उठवले, याचाही हिशेब इतिहास ठेवतो.

टेबलावर कोण नव्हते

हाच हिशेब शांततेच्या काळातही मांडला पाहिजे. या क्लबांच्या टेबलावर कित्येक दशके स्त्रिया नव्हत्या. रोटरी सभासदांच्या पत्नींनी इंग्लंडमध्ये मँचेस्टरला १९२४ मध्ये इनर व्हील नावाची स्वतंत्र संस्था काढली आणि उत्तम काम केले. पण मूळ क्लबाचे दार बंदच होते. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डुआर्टे गावच्या क्लबने तीन स्त्रियांना सभासद केले, तेव्हा पुढच्या वर्षी त्या क्लबलाच संघटनेबाहेर काढले गेले. क्लब न्यायालयात गेला. मे १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांच्या बाजूने निकाल दिला. लायन्सने त्याच वर्षी नियम बदलला, रोटरीने १९८९ मध्ये.

याबाबतीत आपला इतिहास थोडा पुढे होता. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज स्थापला. रमाबाई रानडे सभेला जात म्हणून घरातल्या बायकांनी त्यांना किती छळले, याचे वर्णन त्यांच्याच आठवणींत आहे. त्यांनी सभा सोडली नाही. १९०९ मध्ये पुण्याच्या सेवासदनाचे काम त्यांनी उभे केले आणि शेकडो विधवा व गरजू स्त्रियांना शिक्षण व परिचारिकेचा व्यवसाय मिळाला. बडोद्यात महाराणी चिमणाबाईंनी स्त्रियांच्या उद्योगशिक्षणाला आधार दिला, तो याच काळातला.

दुसरी अडचण पैशाची. आठवड्याचे जेवण, वार्षिक वर्गणी, परिषदांचा प्रवास हे सगळे परवडणारा वर्गच या क्लबांत येऊ शकला. गावातला उत्तम सुतार किंवा प्राथमिक शिक्षक क्वचितच त्या टेबलावर दिसला. सेवा घेणारा एका बाजूला आणि देणारा दुसऱ्या बाजूला, अशी रेघ त्यामुळे पडली. आपल्या मंडळाने कधी जेवणावळीची वर्गणी लावली नाही. चहा आणि चिवडा हाच आपला मेनू. ही आपली श्रीमंती आहे, हे लक्षात ठेवावे.

पण आपलेही टेबल तपासू. शनिवारी दिवा लावण्यापासून मुलांचा तास घेण्यापर्यंत बहुतेक काम बायका करतात. कार्यकारिणीच्या फोटोत त्या दुसऱ्या ओळीत असतात. नोकरीसाठी अलीकडे आलेली, भाड्याने राहणारी मराठी कुटुंबे उत्सवात प्रसादाला येतात, शनिवारी येत नाहीत. त्यांना कुणी या म्हटले आहे का?

रविवारची लस

साप्ताहिक सवयीतून केवढे काम उभे राहू शकते, याचे सर्वांत मोठे उदाहरण पोलिओचे. १९८५ मध्ये रोटरीने पोलिओ निर्मूलनाचा संकल्प केला. १९८८ मध्ये जगात १२५ देशांत पोलिओ होता आणि वर्षाला सुमारे साडेतीन लाख मुले त्याने अधू होत. त्या वर्षी जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि रोटरी यांची संयुक्त मोहीम सुरू झाली. आपल्या देशात १९९५ पासून राष्ट्रीय पल्स पोलिओ दिवस सुरू झाले.

ते पिवळे फलक, बर्फाची पेटी, बाळाच्या करंगळीवर शाईची खूण कुणाला आठवत नाही? सिंहाचा वाटा अर्थात सरकारी यंत्रणेचा होता. अंगणवाडी सेविका, आशा, परिचारिका, शिक्षक यांनी घर ना घर पालथे घातले. क्लबांनी निधी दिला, वाहने दिली, बूथवर रविवारी माणसे बसवली, जिथे लोक लस नाकारत तिथल्या वडीलधाऱ्यांना आणि धर्मगुरूंना भेटून समजावले. लस एकदा पाजून भागत नसे. पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षे, त्याच गल्लीत, त्याच दारावर जावे लागे. एका दिवसाच्या उत्साहाने हे काम होत नाही. ज्यांना दर आठवड्याला न चुकता जमण्याची सवय आहे, त्यांनाच ते जमते.

२००९ मध्ये भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण सापडले होते, जगातले जवळपास निम्मे. २०१० मध्ये ४२. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. २०११-१२ मध्ये रोटरीचे जागतिक अध्यक्ष आपल्या गुजरातमधल्या वापीचे कल्याण बॅनर्जी होते, ही आपल्याला अभिमानाची बाब.

नियम सैल झाला

आता ठरावाच्या बाजूने बोलणारा इतिहासही सांगितला पाहिजे. २०१६ मध्ये रोटरीनेच आठवड्याचा नियम सैल केला. महिन्यातून किमान दोन बैठकी घ्या, कशा आणि कधी घ्यायच्या ते तुम्ही ठरवा, असे क्लबांना सांगितले. इंटरनेटवर भरणारे क्लब त्याआधीच सुरू झाले होते. कारण उघड होते. सभासदांची वये वाढत होती, तरुण येत नव्हते, दुपारचे दीड तासाचे जेवण आजच्या नोकरदाराला शक्य नव्हते. कालची पद्धत आज चालत नसेल तर बदलावी, हे त्यांनी मान्य केले.

तरी एक गोष्ट नजरेत भरते. त्यांनी मोकळीक दिली, पण तळाची रेघ ठेवली. महिन्याला किमान दोनदा. त्याखाली गेले तर तो क्लब राहत नाही, ओळखीच्या माणसांची यादी उरते, हे शंभर वर्षांच्या अनुभवाने त्यांना कळले असावे. आपला ठराव महिन्याला एकदाच म्हणतो. तो या रेघेच्याही खाली जातो.

आपला शनिवार

गेल्या वर्षीची एक घटना शनिवारी येणाऱ्यांना माहीत आहे. ऐंशी ओलांडलेले एक आजोबा, पत्नी गेल्यापासून एकटे राहणारे. मुलगा परदेशी. दर शनिवारी ग्रंथालयाच्या कपाटाशी ठरलेल्या खुर्चीवर बसायचे. एका शनिवारी ते आले नाहीत आणि फोनही उचलेनात. तास संपल्यावर दोघी जणी त्यांच्या घरी गेल्या. आजोबा न्हाणीघरात पडले होते, आदल्या रात्रीपासून. शेजाऱ्यांच्या मदतीने दार उघडले, रुग्णालयात नेले, खुब्याचे ऑपरेशन झाले. आज ते काठी घेऊन येतात आणि त्याच खुर्चीवर बसतात.

मोबाइलच्या ग्रुपवर आजोबांचे नाव होतेच. तिथे रोज सकाळी शेकडो शुभेच्छा येतात. त्या दिवशी आजोबांकडून काही आले नाही, हे कुणाच्या लक्षात आले नव्हते. खुर्ची रिकामी दिसली तेव्हाच ते लक्षात आले. हजेरीचा नियम शिस्तीसाठी असतो असे आम्ही समजत होतो. त्याचा दुसरा उपयोग असा, की माणूस आला नाही हे सात दिवसांच्या आत कळते. महिन्याची बैठक असती तर हे कधी कळले असते, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

म्हणून वार्षिक सभेत आम्ही ठरावाच्या विरोधात मत देणार आहोत. पण नुसता विरोध करून तरुणांच्या अडचणी सुटत नाहीत. क्लबांच्या इतिहासातून घेण्यासारख्या काही गोष्टी सभेपुढे ठेवतो.

बैठक दर शनिवारीच असावी, पण बरोबर एक तासाची. साडेसहाला घंटा, साडेसातला घंटा. प्रत्येकाने दर वेळी यावे असा आग्रह नको. महिन्यातून दोनदा येईन, असे ज्याला जमेल त्याने सांगावे. पाळीवर असलेल्यांनी आपला शनिवार आधी नोंदवावा. गावाला गेलेल्या सभासदाने तिथल्या मराठी मंडळात, वाचनालयात किंवा भजनात हजेरी लावली तर ती इथे धरावी. इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद सगळीकडे आपली माणसे आहेत, या निमित्ताने ओळखी होतील. सूत्रसंचालन दर महिन्याला वेगळ्या व्यक्तीकडे द्यावे, आणि पहिले सहा महिने ते स्त्रियांकडे आणि तिशीच्या आतल्यांकडे असावे. भाड्याने राहणाऱ्या नव्या कुटुंबांना प्रत्येक जुन्या घराने एकदा तरी सोबत घेऊन यावे. आणि एक वही असावी. सलग दोन शनिवार जो आला नाही, त्याच्या घरी तिसऱ्या शनिवारच्या आत कुणीतरी जावे. एकट्या राहणाऱ्यांच्या बाबतीत पहिल्याच शनिवारी. दंड वसूल करायला नव्हे, चहा प्यायला.

ठरावाचा निकाल सभा लावेल आणि तो सगळ्यांना मान्य असेल. तोपर्यंत चालू क्रम तसाच आहे. विसर्जनानंतरच्या पहिल्या शनिवारी साडेसहाला कुलूप निघेल. किल्ली कोणाकडे आहे, हे विचारायला फोन करू नका. सरळ या.

गणपती बाप्पा मोरया!